गनस्मोक: डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन आणि त्याची वीस वर्षं

निळी_शाई

जुन्या मालिकांच्या धाग्यावर 'गनस्मोक'चा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा गाडी घसरून ईस्टवूडवर गेली. म्हणून हा वेगळा संसार थाटतोय. ईस्टवूडप्रेमींनी कृपया तिकडेच थांबावे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी नावाचं गाव, काळ १८७० च्या दशकाचा. टेक्सासहून गुरांचे कळप हाकत काउबॉय इथवर येतात, गुरं रेल्वेच्या डब्यांत चढतात, पोरांच्या हातात कित्येक महिन्यांचा पगार एकदम पडतो, आणि तो उधळायला रस्त्याच्या कडेला ओळीने सलून. या गावचा कायदा म्हणजे मार्शल मॅट डिलन. त्याच्या भोवती तीन माणसं: मदतनीस चेस्टर, कुरकुर्‍या म्हातारा डॉक, आणि लाँग ब्रँच सलूनची मिस किटी. सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर १० सप्टेंबर १९५५ ला सुरू, ३१ मार्च १९७५ ला बंद. वीस सीझन, ६३५ भाग. त्याआधी २६ एप्रिल १९५२ पासून हीच मालिका रेडिओवर होती आणि ती १९६१ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं दोन वेगळे मॅट डिलन एकाच वेळी दोन माध्यमांत नोकरीवर होते.

माझं म्हणणं असं, आणि ते वादग्रस्त आहे हे ठाऊक आहे: खरं 'गनस्मोक' म्हणजे पहिली सहा वर्षं. अर्ध्या तासाचे २३३ कृष्णधवल भाग. १९६१ ला भाग तासाभराचा झाला, १९६६ ला रंग आले, आणि पुढे जी मालिका उरली ती चांगली होती, पण ती दुसरीच होती.

पहिलाच भाग घ्या, 'मॅट गेट्स इट'. सुरुवातीला खुद्द जॉन वेन येऊन मालिकेची ओळख करून देतो. आता अशी ओळख झाल्यावर हिरोने काय करायला हवं? इथे हिरो गोळी खाऊन धुळीत पडतो. डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज असतो, हात विजेसारखा. मॅट समोर जातो आणि सरळ हरतो. मग अंथरुणात पडल्यापडल्या त्याच्या लक्षात येतं की हा गडी नेहमी अगदी जवळ येऊन मारतो. का? तर हात चपळ आहे, नेम नाही. दुसर्‍या वेळी मॅट लांब उभा राहतो आणि पुढे यायला नकार देतो. ग्रॅटची पहिली गोळी वाया जाते, मॅट शांतपणे नेम धरतो. संपलं. इतर मालिकांतला मार्शल वेगाने जिंकतो, हा अंतराने जिंकतो.

आणखी एक भाग घ्या, 'ब्लडी हँड्स', १९५७ चा. मॅट एका टोळीतल्या माणसांना मारतो आणि त्याला स्वतःचीच शिसारी येते. बिल्ला काढून ठेवतो, राजीनामा देतो, किटीबरोबर नदीकाठी मासे धरायला जातो. आपल्याला वाटतं आता भाषण होईल, कर्तव्य वगैरे. तसलं काही नाही. धापा टाकत चेस्टर येतो, एका बंदूकबाजाने गावात एका मुलीला मारलंय म्हणून सांगतो. चेस्टरचं म्हणणं एवढंच की हे मला जमलं असतं तर मीच केलं असतं, पण मला येत नाही. मॅट बंदूक घेतो. विजय नाही, टाळ्या नाहीत. कामावर परत गेलेला माणूस, बस.

या कथांच्या मागे दोन माणसं आहेत, निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनेल आणि लेखक जॉन मेस्टन. मेस्टनच्या गोष्टीत मार्शल अनेकदा उशिरा पोचतो. कधी वेळेवर पोचूनही कायद्याच्या हातात काहीच नसतं. सुरुवातीच्या भागांत मॅट बूट हिल या कबरस्तानात उभा राहून स्वतःशी बोलतो, तिथून गोष्ट सुरू होते. आपण राखत असलेल्या गावातली मेलेली माणसं मोजत उभा असलेला हिरो!

तर मंडळी, या. नंतरच्या सीझनमधल्या फेस्टस या पात्राचे भक्त येणार हे गृहीत धरलंय.

पेंग्विन७७

रुमाल टाकतो. संध्याकाळी सविस्तर.

उत्तररात्र

छान धागा. 'ब्लडी हँड्स' कालच पाहिला होता, काय योगायोग!

एक सांगा, किटी नक्की करते काय? पहिल्या सीझनमध्ये ती सलूनमध्ये काम करणारी बाई आहे, नंतर भागीदार होते, मग मालकीण. वरच्या मजल्यावर खोल्या आहेत. कुणीच काही बोलत नाही. माझ्या सासूबाई माझ्याबरोबर बघत होत्या, त्यांनी दुसर्‍या भागातच ओळखलं आणि "चहा टाकू का" म्हणून उठल्या.

निळी_शाई

सासूबाईंना दंडवत. रेडिओवर मॅकडॉनेल आणि मंडळींच्या मनात याबद्दल काही शंका नव्हती, किटी वेश्याच होती. टीव्हीवर ते उघड दाखवणं शक्य नव्हतं. पैसा सिगारेट कंपनीचा, आणि टीव्ही घराघरांत. मग बढती देऊन सोडवलं. अमांडा ब्लेकने ते ज्या ऐटीत निभावलंय त्याला तोड नाही. १९ सीझन ती होती, शेवटचा सोडला.

खडूस_कारकून

लेख चांगला. पण "गावचा कायदा म्हणजे मार्शल मॅट डिलन" या वाक्यात गोंधळ आहे आणि तो मालिकेचाच आहे, तुमचा नाही.

डॉजमध्ये तीन वेगवेगळे अधिकारी होते. सिटी मार्शल गावाच्या कौन्सिलने नेमलेला, त्याची हद्द गावापुरती. शेरीफ हा फोर्ड काउंटीच्या मतदारांनी निवडलेला. १८७७ च्या निवडणुकीत बॅट मास्टरसन तीन मतांनी निवडून आला, वय २३. आणि यू.एस. मार्शल हा फेडरल सरकारचा, अख्ख्या कॅन्सस जिल्ह्याला एकच, हाताखाली डेप्युटी. मॅट डिलन हा यू.एस. मार्शल आहे म्हणतात आणि दिवसभर करतो काय, तर लाँग ब्रँचमधली भांडणं सोडवतो. सीबीआयच्या माणसाने तालुक्याच्या ठाण्यात टेबल टाकून सायकलचोर पकडत बसावं तसला प्रकार आहे.

दुसरं, बंदुकीचं. खर्‍या डॉजमध्ये रेल्वे रुळांच्या उत्तरेला शस्त्र बाळगायला बंदी होती. गावात आलं की बंदूक जमा करायची, जाताना न्यायची. फ्रंट स्ट्रीटवर तसा फलक लावलेला फोटो उपलब्ध आहे. मालिकेत जो तो कमरेला लटकवून हिंडतो. दर शनिवारी रस्त्यात एकमेकांसमोर उभं राहून कोण आधी बंदूक उपसतो, असलं काही नव्हतं. रॉबर्ट डिकस्ट्रा या इतिहासकाराने ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज आणि काल्डवेल या पाच बाजारगावांची मोजदाद केली. १८७० ते १८८५ या काळात पाच गावांत मिळून ४५ खून. आणि मालिकेत? एकट्या मॅट डिलननेच त्याहून कितीतरी जास्त माणसं मारलीत.

उत्तररात्र

+१ माहितीपूर्ण. पण ४५ म्हणजे कमी का हो? गावं केवढी होती तेही बघा ना.

खडूस_कारकून

मुद्दा रास्त आहे आणि त्यावर इतिहासकार आजही भांडतात. १८८० च्या सुमाराला डॉजची वस्ती हजार-बाराशे. तेवढ्या वस्तीत वर्षाला एक-दोन खून म्हणजे दर भरपूरच होतो. शिवाय डिकस्ट्राची मोजणी गुरांचा व्यापार सुरू झाल्यापासूनची आहे. त्याआधी, १८७२ मध्ये सांता फे रेल्वे आली तेव्हा, डॉज हे रेड्यांच्या कातड्यांचं गाव होतं. अमेरिकन बायसन म्हणायचंय, आपले रेडे नव्हेत. गावाची नगरपालिकाच मुळी १८७५ ची. तोवर ना मार्शल ना काही, आणि बूट हिलवरचे बरेचसे मुडदे त्या काळातले. मालिका दाखवते तेवढी मारामारी कुठे झाली असेल तर त्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात, आणि तेव्हा मॅट डिलन असायला जागाच नव्हती.

आता लाँग ब्रँचमधली एक खरी गोळीबाजी ऐका. एप्रिल १८७९. लेव्ही रिचर्डसन आणि फ्रँक लव्हिंग, भांडण एका बाईवरून. दोघे एकाच टेबलाशी बसलेले, बाचाबाची झाली आणि उठले. बंदुकीच्या नळ्या एकमेकीला टेकतील इतक्या जवळून दोघांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली. टेबलाभोवती, शेगडीभोवती पळापळ. इतक्या जवळून झाडलेल्या रिचर्डसनच्या गोळ्यांनी लव्हिंगच्या हाताला फक्त ओरखडा उठला. लव्हिंगने सावकाश मारलं, रिचर्डसन मेला. चौकशीत स्वसंरक्षण ठरलं, लव्हिंग सुटला.

निळी_शाई

अहो साहेब, ही तर 'मॅट गेट्स इट'चीच गोष्ट आहे! घाईने मारणारा जातो, नेम धरणारा राहतो. म्हणजे जवळिकीचं गणित उलटं असलं तरी मर्म तेच. मेस्टनच्या वाचनात हे असणार असं म्हणायचा मोह होतोय, पण पुरावा नाही, सोडून देतो.

दख्खनी_घोडा

हे सगळं वाचून प्रश्न पडतो की मग बघायचं कशाला? खोटा मार्शल, खोट्या बंदुका.

उत्तररात्र

@दख्खनी_घोडा, आपल्या ऐतिहासिक मालिकांत काय वेगळं असतं? तिथे तुम्ही रोज साडेआठला हजर असता, हलके घ्या.

विचिटावासी

मी गेली बरीच वर्षं कॅन्ससमध्ये आहे. डॉज सिटी इथून दीडशे मैलांवर. भारतातून पाहुणे आले की एकदा तरी तिकडे चक्कर होतेच, कारण खरं सांगायचं तर इथे दाखवण्यासारखं दुसरं फार काही नाही.

पहिली गोष्ट जी मालिकेत साफ चुकते ती म्हणजे जमीन. मॅट डिलन घोड्यावरून निघतो आणि मागे डोंगर, कातळ, दर्‍या. ते सगळं कॅलिफोर्निया आणि युटाहमधलं कनाब. खर्‍या डॉजभोवती क्षितिजापर्यंत सपाट जमीन आहे. वारा एवढा की गाडीचं दार हातातून सुटतं. लपायला जागा नाही, हेच तिथलं वैशिष्ट्य, आणि ते मालिकेत कुठेच जाणवत नाही. घात लावून बसायला खडक लागतात ना, म्हणून निर्मात्यांनी खडक आणले.

बूट हिल म्युझियममध्ये फ्रंट स्ट्रीटची प्रतिकृती उभी केली आहे. आत लाँग ब्रँच आहे. खरं लाँग ब्रँच १८८५ च्या आगीत गेलं. एका खोलीत मालिकेचं सामान मांडलंय. गावात गनस्मोक नावाचा रस्ताही आहे. टूरिस्ट मंडळींपैकी निम्मे साठीच्या पुढचे असतात आणि ते आधी मॅट डिलनबद्दल विचारतात, वायट अर्प या खर्‍या कायदारक्षकाबद्दल नंतर.

पण आजचं डॉज गुरांवरच जगतं, फक्त आता गुरं इथून पुढे जात नाहीत. दोन मोठे मांस-प्रक्रिया कारखाने आहेत. कामाला मेक्सिको, ग्वाटेमालाकडून आलेली माणसं. गावातली निम्म्याहून जास्त वस्ती आता स्पॅनिश बोलणार्‍यांची आहे. गाडीच्या काचा खाली केल्या की फीडलॉटचा, म्हणजे गुरं पोसायच्या आवारांचा, वास येतो. माझ्या मामांनी विचारलं, "हा कसला रे वास?" म्हटलं, मामा, हा गावचा धंदा. हॉटेलात म्हणाल तर मार्शलच्या नावाच्या स्टेकपेक्षा टाको चांगला मिळतो.

खडूस_कारकून

@विचिटावासी, सुंदर प्रतिसाद. गुरांचा व्यापार थांबला कसा तेही सांगून टाका, लोकांना वाटतं मार्शलने गाव सुधारलं.

विचिटावासी

गोचिडीने थांबवला. टेक्सासच्या लाँगहॉर्न गुरांच्या अंगावर गोचीड असायची. ती गुरं स्वतः ठणठणीत, पण त्यांच्या वाटेवर चरलेली कॅन्ससची गुरं तापाने पटापट मरायची. शेतकरी वैतागले. बंदीची रेषा दर काही वर्षांनी पश्चिमेकडे सरकत गेली, म्हणून तर बाजार ॲबिलीनहून सरकत सरकत डॉजला आला. १८८५ ला राज्याने टेक्सासच्या गुरांना पूर्ण बंदी केली. १८८६ च्या जानेवारीत हिमवादळ आलं आणि परिसरातली गुरं हजारोंनी गेली. कारभार आटोपला.

आणखी एक गंमत. कॅन्ससमध्ये १८८१ पासून राज्यघटनेनेच दारूबंदी होती. डॉजची सलून तरीही बिनदिक्कत चालू. म्हणजे गोष्टीतला काळ थोडा पुढे नेला तर मार्शलसाहेब रोज संध्याकाळी बेकायदा गुत्त्यात बसून बिअर पितात आणि मालकीण त्यांची मैत्रीण.

दख्खनी_घोडा

हे असलं दाखवलं असतं तर मी पण पाहिलं असतं.

पेंग्विन७७

आलो. आता फेस्टसची बाजू.

निळी_शाई, तुमचा पहिल्या सहा वर्षांचा हट्ट मला मान्य नाही. कारण एक: चेस्टर गोड आहे, पण तो मॅटचा पोर्‍या आहे. कॉफी करतो, "मिस्टर डिलन" म्हणत मागे पळतो. फेस्टस हॅगन १९६४ पासून कायमचा आला आणि मालिकेला पहिल्यांदा असं माणूस मिळालं जे मार्शलच्या बरोबरीने उभं राहतं. अडाणी, डोंगरातला, वाचता येत नाही, पण त्याचं स्वतःचं असं एक शहाणपण आहे. फेस्टस करणारा केन कर्टिस हा मूळचा गायक होता, सन्स ऑफ द पायोनियर्स या गायकांच्या चमूतला, दिग्दर्शक जॉन फोर्डचा जावई. त्याचे वडील कोलोरॅडोत शेरीफ होते आणि घर तुरुंगाच्या खालच्या मजल्यावर. म्हणजे फेस्टससारखी माणसं त्याने लहानपणी वर गजाआड बघितलेली आहेत. डॉक आणि फेस्टसची कुरबूर तर मी कितीही वेळ बघू शकतो. त्यात गोष्ट नसली तरी चालते.

कारण दोन: तासाभराच्या भागांनीच मोठ्या नटांना जागा दिली. 'द जेलर' बघा, १९६६, बेट डेव्हिस. मॅटमुळे जिच्या नवर्‍याला फाशी झाली ती बाई किटीला ओलीस धरते, कशासाठी तर मॅटला फासावर लटकवण्यासाठी. बेट डेव्हिसच्या डोळ्यांपुढे मॅट झालेल्या जेम्स अर्नेसचे सहा फूट सात इंच कमी पडतात. हे तुमच्या अर्ध्या तासात बसलं असतं?

कारण तीन: १९७० चा 'द बॅज'. मॅटला परत गोळी लागते आणि किटी सामान बांधून गाव सोडते. मला आता हे बघवत नाही, एवढंच तिचं म्हणणं. पंधरा वर्षं साठलेलं आहे ते. ते यायला पंधरा वर्षं जावी लागली.

निळी_शाई

'द बॅज' तुम्हाला दिला. तिसरा मुद्दा खरंच बिनतोड आहे. मालिका लांबली की पाणी वाढतं हे खरं, पण काही गोष्टी पात्रांचं वय झाल्याशिवाय लिहिताच येत नाहीत.

'द जेलर' मात्र देणार नाही. तो बेट डेव्हिसचा भाग आहे, डॉजचा नाही. तासाभराच्या बर्‍याच भागांत असंच होतं: पाहुणा कलाकार येतो, त्याचं दुःख सांगतो, मॅट शेवटची दहा मिनिटं येतो. अर्थात त्याला कारणंही होती. अर्नेसला काम कमी करायचं होतं.

उत्तररात्र

अर्नेसचा पाय ना?

निळी_शाई

हो, पायही. १९४४ च्या जानेवारीत इटलीत आंझिओला सैन्य उतरलं त्यात हा होता. उंची जास्त म्हणून बोटीतून आधी यालाच पाण्यात उतरवलं, पाणी किती खोल आहे ते बघायला. पुढे पायाला गोळी लागली, हाडं नीट सांधली नाहीत, आयुष्यभर दुखत राहिला. घोड्यावर जास्त वेळ बसणं आणि चढउतार करणं त्याला त्रासाचं होतं.

आणि शेजारी चेस्टर, ज्याचा पाय ताठ आहे. डेनिस वीव्हर हा खरा ॲथलीट, १९४८ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत डेकॅथ्लॉनमध्ये सहावा आलेला! चेस्टर बंदूक घेऊन मार्शलच्या बरोबरीने का लढत नाही याला कारण हवं म्हणून त्याला काहीतरी अधूपण द्यायचं ठरलं, आणि ताठ पायाची निवड त्याची स्वतःची. एकदा ठरल्यावर नऊ वर्षं तो पाय वाकवता आला नाही. ज्याचा पाय खरोखर दुखतो तो सरळ चालतोय आणि ज्याने दहा खेळांत नाव काढलं तो लंगडतोय. हे एकदा कळलं की दोघं एकत्र चालतात तो प्रत्येक शॉट वेगळा दिसतो.

रानवाट

वीव्हरबद्दल थोडी भर. तो परमहंस योगानंदांचा शिष्य होता, सेल्फ रिअलायझेशन फेलोशिपमध्ये कित्येक वर्षं, तिथे प्रवचनंही द्यायचा. १९५८ पासून शाकाहारी. ताठ पायाने बूट घालणं, कुंपण ओलांडणं, शेकोटीशी बसणं हे सगळं सहज दिसावं म्हणून योगासनांचा उपयोग झाला असं तो सांगायचा. गुरांच्या बाजारगावात काम करणारा शाकाहारी!

१९५९ ला त्याला एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. डॉक झालेल्या मिलबर्न स्टोनला १९६८ ला. अर्नेसला नामांकनं मिळाली, बक्षीस एकदाही नाही.

कान_देऊन

तुम्ही सगळे टीव्हीवर भांडताय. माझं मत: दोन्ही बाजू हरल्या, खरं गनस्मोक रेडिओचं.

विल्यम कॉनरॅडचा आवाज ऐकला नसेल तर तुम्ही मॅट डिलन ऐकलाच नाही. जाड, थकलेला, खालच्या पट्टीतला. देहाने तो चांगला गरगरीत, त्यामुळे टीव्हीवर त्याची वर्णी लागली नाही. रेडिओच्या चमूतल्या कुणालाच टीव्हीवर मूळ भूमिका मिळाली नाही. पुढे त्याच कॉनरॅडने 'कॅनन' नावाची मालिका त्याच पोटासकट गाजवली, हा काव्यगत न्याय.

त्या मालिकेतले आवाज ऐका. फळ्यांच्या फुटपाथवर बूट, टाचेची आर खणखणते, लांब कुत्रं भुंकतं, आणि मग काहीच नाही. बोलणं थांबतं आणि चार-पाच सेकंद नुसती शांतता. त्या काळच्या रेडिओत चार सेकंदांची शांतता म्हणजे सेट बिघडला वाटायचं. कुणीतरी सलूनमधून बाहेर येऊन रस्ता ओलांडतो तर सगळा रस्ता ओलांडेपर्यंत पावलं ऐकू येतात. कॅमेर्‍याला एवढा धीर नसतो, तो कट करून पलीकडे पोचतो.

'द केबिन' ही गोष्ट दोन्हीकडे झाली. हिमवादळात अडकलेला मॅट एका झोपडीत आसरा घेतो, आत दोन खुनी आणि त्यांनी डांबून ठेवलेली एक मुलगी. तो दोघांना मारतो. पण मुलीचं जे व्हायचं ते आधीच झालेलं आहे, आणि आता ती गावात जाऊन पुढे काय करणार हे तिला, मॅटला आणि आपल्याला तिघांनाही कळतं. तो तिला धीर द्यायचा प्रयत्न करतो आणि ते किती तोकडं आहे हे त्याच्याच आवाजात ऐकू येतं. टीव्हीवर पण चांगलं आहे, पण तिथे अर्नेसचा चेहरा आहे, आणि देखणा चेहरा असला की वाटतं काहीतरी मार्ग निघेल.

पेंग्विन७७

शेवटचं वाक्य जबरदस्त. वाचनखूण साठवली.

दख्खनी_घोडा

एक सांगा, एवढी लोकप्रिय होती तर मध्येच बंद करायला का निघाले होते? कुठेतरी वाचलं होतं.

पेंग्विन७७

१९६७. त्याआधी १९५७ ते १९६१ सलग चार सीझन ही अमेरिकेतली पहिल्या क्रमांकाची मालिका. एका वर्षी तर पहिल्या दहात सात वेस्टर्न होत्या. मग लाट ओसरली, १९६६-६७ ला ही पहिल्या तीसातही नव्हती. सीबीएसने बंद करायचं ठरवलं. पण कंपनीचा सर्वेसर्वा विल्यम पेली याची ही आवडती मालिका. सुट्टीवरून त्याने फर्मान काढलं की परत घ्या. वेळापत्रकात जागा करायला 'गिलिगन्स आयलंड'चा बळी गेला, पुढचा सीझन मिळणार असं गृहीत धरून बसलेल्या त्या मंडळींना घरी बसावं लागलं. गनस्मोक शनिवारी रात्री दहावरून सोमवारी साडेसातला आणली आणि पुढच्याच वर्षी ती चौथ्या क्रमांकावर! माणसं तीच, गोष्टी त्याच. नुसती वेळ बदलली आणि पोरंटोरं जागी असताना ती दिसायला लागली.

खडूस_कारकून

वेळ नुसती बदलली नाही, त्याबरोबर गोष्टीही मवाळ झाल्या. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध तेव्हा जोरात ओरड चालू होती. सुरुवातीच्या शीर्षकातली रस्त्यातली गोळीबाजीही पुढे काढून टाकली आणि मॅटला घोड्यावर बसवलं. ज्या मालिकेच्या नावातच बारूदीचा धूर आहे तिच्यात धूर कमी करत नेला.

आणि कुणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं काय? बर्ट रेनॉल्ड्सने १९६२ ते ६५ क्विंट हा अर्धा कोमांची लोहार केला. त्याला गाव कसं वागवतं यावर दोन-चार चांगले भाग आहेत. पण गुरं हाकणार्‍यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती, आणि पहिल्या सहा वर्षांच्या डॉजमध्ये ती जवळजवळ दिसतच नाहीत. निळी_शाई यांच्या सुवर्णकाळाला हा डाग आहे.

निळी_शाई

आहे. त्यावर वाद नाही. मेस्टन गोर्‍या समाजातल्या क्रौर्याबद्दल जेवढा निर्दय आहे तेवढी त्याची नजर त्या समाजाबाहेर जात नाही. नंतरच्या सीझनमध्ये प्रयत्न दिसतो, पण तिथे बर्‍याचदा पाहुणा येऊन धडा देऊन जातो.

उत्तररात्र

सासूबाईंचा निरोप: मॅट आणि किटीचं लग्न होतं की नाही ते आधी सांगा, नाहीतर पुढचे सहाशे भाग त्या बघणार नाहीत.

पेंग्विन७७

नाही होत. उलट सांगू का? १९७३ मध्ये मॅटची स्मृती जाते आणि त्या अवस्थेत तो एका विधवेच्या प्रेमात पडतो. स्मृती आली की परत डॉज. १९९० च्या टीव्ही चित्रपटात कळतं की त्यातून त्याला एक मुलगी आहे! किटीला वीस वर्षांत काय मिळालं तर टेबलापलीकडून बघणं. सासूबाईंना हे हळूहळू सांगा.

उत्तररात्र

सांगितलं. "मेला" म्हणाल्या. मॅटला.

विचिटावासी

आणि शेवटही नीट नाही. १९७५ चा शेवटचा भाग 'द शेअरक्रॉपर्स', फेस्टस आणि एक शेतकरी कुटुंब यांची हलकीफुलकी गोष्ट. मॅट जेमतेम दिसतो. निरोप वगैरे काही नाही, कारण चित्रण झालं तेव्हा मालिका बंद होणार हे कुणाला माहीतच नव्हतं.

दख्खनी_घोडा

बरं, मला पटलं. कुठून सुरू करू? सहाशे पस्तीस बघणार नाही, आधीच सांगतो.

निळी_शाई

'मॅट गेट्स इट', 'ब्लडी हँड्स', 'द केबिन', या क्रमाने. तिन्ही मिळून दीड तासाच्या आत. मग पेंग्विनरावांसाठी 'द बॅज', आणि तो बघायच्या आधी मधले दहा-वीस भाग कुठलेही, नाहीतर किटीचं सामान बांधणं पोचणार नाही.

कान_देऊन

आणि 'द केबिन' आधी ऐकायचा, मग बघायचा. इंटरनेट आर्काइव्हवर रेडिओचे भाग आहेत. दिवा मालवून ऐका, मोबाइल लांब ठेवा.

खडूस_कारकून

मी उलट म्हणेन, आधी बघा. आधी ऐकलात तर अर्नेस कधीच आवडणार नाही.

कान_देऊन

तेच तर म्हणतोय.